राठोड मॅडमचा दोन नंबर

"एका लॅपटॉपला दोन नंबर काहून लागतात, ते मला आधी सांगा," संगिता राठोड म्हणाल्या.

घरचं इंटरनेट बघायला आलेला लाइनमन संतराम स्टुलावर बसून चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली. तारा तुटल्याच्या, उंदरांनी कुरतडल्याच्या तक्रारी त्याने खूप ऐकल्या होत्या, पण हा प्रश्न त्याला हिंगोलीत आजवर कोणी विचारला नव्हता.

संगिताबाईंचं म्हणणं साधं होतं. त्या बियाण्यांच्या एका कंपनीच्या हिंगोलीच्या ऑफिसात उगवण चाचणीचं काम बघत. कुठल्या पोत्यातलं बी शंभरात किती उगवतं हे त्या ठरवत आणि त्यांचा शेरा मिळाल्याशिवाय पोतं गोदामाबाहेर जात नसे. २००८च्या जानेवारीत कंपनीने त्यांना लॅपटॉप दिला. ऑफिसात तो नेटला जोडायचा तर एका खिडकीत जाऊन टिंबांनी तोडलेला, चार तुकड्यांचा एक नंबर टाकावा लागे. घरी आणला की तो नंबर पुसून घरचा टाकायचा. सकाळी घरचा पुसून पुन्हा ऑफिसचा. मुलगी पुनम बारावीला होती आणि तिला इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं रोज काही ना काही बघायचं असे, म्हणून लॅपटॉप घरी आणणं भाग होतं. पाच महिन्यांत त्यांनी हा उद्योग अडीचशे वेळा केला होता. त्यात एकदा एक टिंब चुकलं तर अख्खी दुपार गेली होती.

"मी माहेरी गेले तरी संगिताच ऱ्हाते ना? तिथं काय माझं नाव बदलते का?"

"तसं नसते मॅडम. ज्या त्या जागचं नेट येगळं. तिथं तिथला नंबर."

"म्हणजे तुमच्या नेटच्या सोयीसाठी माणसानं रोज सकाळ-सांज नाव बदलून घ्यावं. हा कोणता न्याय?"

संगिताबाईंचे यजमान देविदास राठोड नरसीजवळच्या एका तांड्यावर शिक्षक होते. ते पेपरमागून म्हणाले, "संतराम, काहीतरी करून टाका भाऊ. न्हाई तर हे प्रकरण कलेक्टरपर्यंत जाईल." ते गंमत करत नव्हते. गॅसची टाकी किलोभर कमी भरली म्हणून संगिताबाई एकदा एजन्सीच्या दारात वजनकाटा घेऊन बसल्या होत्या आणि देविदासांना तो काटा धरावा लागला होता.

संतरामने डोकं खाजवलं. "हाफिसचा नंबर काय हाय?"

"एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक. आणि शेवटी वीस."

"मग घरच्या मोडेमच्या डब्याला बी तीच मालिका देतो. डबा एक नंबर, लॅपटॉप दोन नंबर. पुन्हा हात लावायचं काम न्हाई."

"ऑफिसात वीस हाय."

"वीसपर्यंत कशाला जाता? घरात दोनच तर जिनसा. पहिले तीन तुकडे बराबर जुळले की झालं. तिथं बी चालंल."

आणि ते चाललंही. दुसऱ्या दिवशी संगिताबाईंनी ऑफिसात लॅपटॉपला वायर लावली, कशालाही हात लावला नाही आणि नेट सुरू झालं. तेव्हा साडेनऊ वाजले होते. ऑफिस दहाचं होतं, पण संगिताबाई साडेनऊला येत. ऑफिस दहाचं आहे याचा अर्थ दहाला काम सुरू झालं पाहिजे, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या एकट्याच पाळत. आपण भांडलो म्हणून एक जाच कायमचा संपला, या आनंदात त्यांनी शिपायाची वाट न बघता स्वतःच पंखा लावला.

सव्वादहाला बालाजी आला. तो ऑफिसचा कंप्युटर ऑपरेटर. आल्या आल्या तो कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडी आणि आतली काळी पेटी सुरू करी. ही पेटी म्हणजे सर्व्हर. तिला पडदा नव्हता, कळफलक नव्हता, पण सगळ्या पोत्यांचा हिशेब तिच्या पोटात होता. गोदामातून माल सोडायची चिठ्ठी इतर कंप्युटरवरून छापत, पण ती निघायची तिच्यातूनच. बालाजीने बटण दाबलं, पेटी घरघरली, हिरवा दिवा लागला. मग त्याने आपल्या कंप्युटरवर चिठ्ठीची खिडकी उघडली. पडद्यावर आलं, 'सर्व्हर सापडत नाही.'

"समोर तर हाय," बालाजी कपाटाकडे बघून म्हणाला.

त्याने पेटी बंद केली, चालू केली. परत तेच. दुसऱ्या कंप्युटरवर गेला, तिथेही तेच. तेवढ्यात संगिताबाईंच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक पिवळा फुगा उगवला. त्यात इंग्रजीत बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. लॅपटॉपला दिवसभर असं काही ना काही सांगायची सवय होती. संगिताबाईंनी फुलीवर टिचकी मारली आणि कामाला लागल्या.

जूनचा पहिला आठवडा होता. सोयाबीनच्या बियाण्यासाठी सेनगाव, औंढा, कळमनुरीचे दुकानदार टेम्पो घेऊन दारात उभे होते. दुपारपर्यंत एकही चिठ्ठी निघाली नाही. दुकानदारांत सर्वांत मोठा आवाज सेनगावच्या सोनाजीचा होता. "बी हाय, टेम्पो हाय, हमाल हाय, कागद न्हाई! आता शेतात कागद पेरता का?"

संगिताबाई मॅनेजर उत्तमरावांच्या केबिनमध्ये गेल्या. उत्तमराव मऊ स्वभावाचे होते, रक्तदाबाची गोळी खिशात ठेवत, आणि संगिताबाई आत आल्या की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जाई.

"साहेब, दहाचं ऑफिस. हा पोरगा सव्वादहाला येऊन पेटी सुरू करतो. मग ती कशी चालेल?"

"मॅडम, पंधरा मिनिटांनी पेटीला काय फरक पडून राहिला?"

"मला पडून राहिला! मी लेखी देते."

त्यांनी लेखी दिलं. तो पहिला अर्ज.

पुढचे दोन दिवस असेच गेले. गुरुवारी मात्र नवल झालं. संगिताबाई सिद्धेश्वरकडच्या प्लॉटवर दौऱ्याला गेल्या होत्या आणि इकडे पेटी सकाळपासून सुरळीत चालली. बालाजीने दिवसभरात दीडशे चिठ्ठ्या काढल्या. शुक्रवारी संगिताबाई साडेनऊला आल्या, बालाजी सव्वादहाला आला आणि पेटी पुन्हा हरवली.

बालाजी स्वभावाने गरीब, पण डोळस होता. तो उत्तमरावांना हळूच म्हणाला, "साहेब, एक गोष्ट ध्यानात आली. मॅडम नसल्या की पेटी चालते."

केबिनची भिंत प्लायवूडची होती. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पुढच्या क्षणी संगिताबाई दारात उभ्या होत्या.

"काय म्हनला? पुन्हा म्हन!"

"मॅडम, मी नुसतं..."

"म्हणजे माझा पायगुण वाईट? मी आले की पेटीला भूत लागते? उद्या म्हनशील, मॅडमनी बघितलं म्हणून बी उगवलं न्हाई! साहेब, तुमी हे ऐकून घेऊन राहिले? बाई दिसली की तिच्यावर खापर फोडायचं, आणि ते बी कंप्युटर शिकलेल्या पोरानं!"

उत्तमरावांनी गोळी घेतली. "मॅडम, त्याचा तसा अर्थ नसंल."

"मग कसा हाय? त्याला सांगू द्या!"

बालाजीला तो कसाही सांगता येईना, कारण त्याला तो स्वतःलाच कळला नव्हता. दुसरा अर्ज त्याच दुपारी टाइप झाला. त्यात 'कार्यालयात अंधश्रद्धेचा प्रसार करणे' असं कलम होतं.

नंतरच्या आठवड्यात संगिताबाईंनी कंबर कसली. कोणीतरी पेटीशी छेडछाड करत असलं पाहिजे, या संशयाने त्या साडेनऊऐवजी नऊलाच येऊ लागल्या आणि लॅपटॉप जोडून कपाटाकडे तोंड करून बसू लागल्या. पेटी एक दिवसही चालली नाही. दुपारी लोडशेडिंग झालं की सगळं बंद पडे, फक्त संगिताबाईंचा लॅपटॉप बॅटरीवर जागा राही. वीज आली की पेटी जागी व्हायला पाच मिनिटं घेई आणि जागी झाली की पुन्हा कोणालाच सापडत नसे. कोपऱ्यात पिवळा फुगा येई. संगिताबाई तो फोडत. औरंगाबादच्या मुख्य ऑफिसातून दिवसाला सहा फोन येऊ लागले. दोन दुकानदार दुसऱ्या कंपनीचं बी घेऊन गेले. तिसऱ्या अर्जात संगिताबाईंनी स्पष्ट लिहिलं की दोषी कर्मचाऱ्याला या कार्यालयातून तत्काळ हलवण्यात यावं, अन्यथा त्या स्वतः औरंगाबादला जातील.

उत्तमरावांनी दोन गोष्टी केल्या. नांदेडहून इंजिनिअर बोलावला आणि बालाजीची वारंगा फाट्याच्या गोदामावर बदली करायला मंजुरी मागितली. मंजुरी तीन दिवसांत आली. इंजिनिअर चौथ्या दिवशी आला.

इंजिनिअरचं नाव रतनसिंग. निळी पगडी, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि नांदेडची हिंदी. त्याने कपाट उघडलं, पेटीला आपला छोटा पडदा जोडला, तो वाचला आणि हसला. मग तो टेबलाटेबलावर जाऊन वायरी काढून बघू लागला. संगिताबाईंजवळ आला तेव्हा त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला.

"माझ्या लॅपटॉपला हात लावायचं काम न्हाई. तो बराबर चालू हाय. ऑफिसात एकच वस्तू बराबर चालू हाय, ती ही."

"वोही तो देखना है मॅडम, के येच बराबर कैसे चल रा," रतनसिंग नम्रपणे म्हणाला.

तेवढ्यात पिवळा फुगा आला. संगिताबाईंचं बोट सवयीने फुलीकडे गेलं.

"रुको मॅडम! पढने दो ना उसको. पंधरा दिन से बिचारा क्या बोल रा होगा?"

त्याने फुगा वाचला, नंबरची खिडकी उघडली आणि शेवटच्या तुकड्यावर बोट ठेवलं. "सर्व्हर का नंबर दो. आपका नंबर भी दो."

"मग? दोघांना दोन असला तर काय बिघडलं?"

रतनसिंगने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे बसस्टँड होतं. "मॅडम, समझो उधर दो गाडियां खडी हैं, दोनों पे पाटी वारंगा की. एक वारंगा जाती, दुसरी किधर भी नहीं जाती. जो पहले लगी, पब्लिक उसमें बैठ गई. आप सुबह पहले आते, आपकी गाडी पहले लगती. पीछे से सर्व्हर आता, तो उसकू जगाच नहीं."

संगिताबाईंनी लॅपटॉप स्वतःहून त्याच्याकडे सरकवला. लोकांना हे फार क्वचित बघायला मिळे, म्हणून दोघातिघांनी मान वर करून पाहिलं.

"देर से आते, तो कुछ नहीं होता," रतनसिंगने भर घातली. त्याने लॅपटॉपला पुन्हा वीस नंबर दिला आणि घरी नेला की तो आपोआप घरच्यासारखा वागेल अशी काहीतरी सोय करून ठेवली. अशी सोय त्या खिडकीत पहिल्यापासूनच होती, हे ऐकून संगिताबाईंना संतरामचा, कंपनीचा आणि खिडकी बनवणाऱ्याचा असा तिहेरी राग आला, पण तो काढायला समोर कोणी नव्हतं. रतनसिंगने सामान आवरलं. "रिपोर्ट में मैं लिखता, 'नेटवर्क में खराबी थी, निकाल दी.' नाम-वाम मैं किसी का नहीं लिखता. मेरी गाडी का टाइम हो गया."

तो गेला. कपाटातली पेटी चालू होती, चिठ्ठ्या निघत होत्या आणि बाहेर टेम्पोंत पोती चढत होती. कोणालाही काही कळलं नव्हतं, आणि संगिताबाई गप्प बसल्या असत्या तर कधी कळलंही नसतं. पण पलीकडच्या टेबलावर बालाजी आपला डबा, छत्री आणि खणातल्या वस्तू पिशवीत भरत होता. ते दृश्य संगिताबाईंना मिनिटभर बघवलं, त्याहून जास्त नाही. त्या उठल्या आणि केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, बालाजीची काही चूक न्हाई. चूक माझी हाय."

उत्तमरावांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "मॅडम, मला वाटलंच होतं. वरून तुमी कडक, पन मन मोठं. पोराला वाचवून राहिल्या."

"वाचवून न्हाई! खरं सांगून राहिले. माझ्यामुळंच पेटी बंद पडत होती."

"राहू द्या. लेकरंबाळंवाला माणूस हाय म्हणून तुमाला वाईट वाटून राहिलं, मला समजते."

आधी त्यांनी स्वतःवरचा आरोप ऐकून घेतला नव्हता, आता त्यांची कबुली कोणी ऐकून घेईना. संगिताबाईंचा आवाज चढला. "साहेब, माझ्यावर विश्वास न्हाई का? माझा लॅपटॉप दोन नंबरचा हाय!"

उत्तमराव दचकले. "दोन नंबरचा? मॅडम, कंपनीनं दिलेला हाय तो. पावती हाय माझ्याकडं!"

"तसा दोन नंबर न्हाई! थांबा, दाखवूनच देते."

त्यांनी लॅपटॉप आणला, वीस पुसून दोन टाकला आणि बालाजीला ओरडून पेटी बंद करून सुरू करायला सांगितलं. बालाजीने बिचकत बटण दाबलं. पाच मिनिटांनी पेटी जागी झाली, पण थांबलेली छपाई सुरू होईना. पिवळा फुगा आला. "बघा!" संगिताबाई विजयाने ओरडल्या. "बघा, बंद पडली! इतके दिवस तुमच्या नाकासमोर दोन नंबरचं चालू होतं आणि कोणाला पत्ता न्हाई! सगळं दोन नंबरचं माझ्याकडून चालू होतं!"

केबिनची भिंत प्लायवूडची होती हे मघाशी सांगितलंच आहे. बाहेर सोनाजी पुढच्या चिठ्ठीची वाट बघत उभा होता. बियाण्याच्या दुकानदाराने बाकी सगळं ऐकून न ऐकल्यासारखं केलं तरी 'दोन नंबर' हे शब्द तो झोपेतही ऐकतो.

"दोन नंबरचं बी?" सोनाजी किंचाळला. "आरे, मॅडम सोता बोलून राहिल्या! उगवणीचा शेरा देनारी बाईच म्हनते, सगळं दोन नंबरचं हाय! उतरवा रे पोती!"

टेम्पोतून पोती उतरू लागली. आधी माल मिळत नाही म्हणून भांडणारे लोक आता माल परत घ्या म्हणून भांडू लागले. कोणीतरी कृषी अधिकाऱ्याला फोन लावला. उत्तमराव बाहेर धावले, हात जोडून म्हणाले, "बी एक नंबर हाय हो, मॅडम दोन नंबर हायेत!" त्याने प्रकरण आणखी बिघडलं.

शेवटी संगिताबाई पायरीवर उभ्या राहिल्या. "चूप बसा सगळे! माझ्या हाताखालून गेलेल्या बियाला दोन नंबरचं म्हणायची कोणाची हिंमत हाय? पुढं या!" कोणी पुढे आलं नाही. "शंभरात ब्याऐंशी उगवलंय, मी मोजलंय, एकेक मोड मोजलाय. नंबर माझ्या लॅपटॉपचा चुकला. पंधरा दिवस तुमचा खोळंबा झाला तो माझ्यामुळं झाला, ह्या पोरामुळं न्हाई. झालं समाधान?"

एवढ्या रागाने मागितलेली माफी कोणी ऐकली नव्हती. सोनाजीने मुकाट्याने पोती परत चढवायला सांगितलं. बालाजीने लॅपटॉपला परत वीस नंबर दिला, पेटी पुन्हा सुरू केली आणि संध्याकाळपर्यंत उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. उत्तमरावांनी बदलीचा आदेश सर्वांसमोर फाडून टोपलीत टाकला.

पाच वाजता संगिताबाई निघाल्या. मन हलकं झालं होतं. पायरीवर बालाजी बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन. त्याचा चेहरा बघून त्या थांबल्या.

"काय झालं रे? आता तर सगळं मिटलं."

"मॅडम," बालाजी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच राग होता, "तुमी काहून बोलल्या?"

"म्हणजे? तुझ्यावर अन्याय होऊन राहिला होता."

"माझं गाव वारंगा फाट्याहून तीन किलोमीटर हाय. सकाळी पावणेआठला निघतो तवा सव्वादहाला हिथं पोचतो. तीन वरसं झाली तिकडं बदली मागून राहिलो. सात अर्ज केले, सात! तुमच्या तीन अर्जांत काम झालं होतं. काल घरी पुरन केलं बायकोनं." त्याने डोळे पुसले आणि आशेने वर पाहिलं. "मॅडम, लॅपटॉपला पुन्हा दोन नंबर टाका ना. आठच दिवस."

"आणि तुझे सात अर्ज कुठं हायेत?"

"साहेबाच्या खालच्या खणात."

संगिताबाईंनी पर्स खांद्यावर चढवली आणि वळल्या. उत्तमराव चपला घालत होते. दार न वाजवता उघडलं तसा त्यांचा हात खिशाकडे गेला.

"साहेब, बालाजीची बदली झालीच पाहिजे!"

"मॅडम!" उत्तमराव कळवळले. "दुपारीच तुमी म्हनल्या, तो निर्दोष हाय."

"म्हणूनच! दोषी ठरवला तर तीन दिवसांत बदली, आणि निर्दोष माणसाचे सात अर्ज तीन वर्षं खालच्या खणात? हा कोणता न्याय? मी लेखी देते!"

"देऊ नका," उत्तमराव घाईघाईने म्हणाले. "मंजुरी आलेलीच हाय. आदेश तेवढा पुन्हा छापा. बालाजी!"

बालाजीने आपल्या बदलीचा आदेश स्वतः टाइप केला. त्याच्या नोकरीत इतक्या झटपट झालेलं दुसरं काम नव्हतं. फक्त 'बदलीचे कारण' या रकान्यापाशी तो अडला. उशिरा येणं लिहावं तर ते आता कारण राहिलं नव्हतं आणि पेटीचा बिघाड लिहावा तर तो त्याचा नव्हता. थोडा विचार करून त्याने दोन शब्द टाइप केले, कागद छापला आणि केबिनमध्ये नेऊन ठेवला.

'बदलीचे कारण : राठोड मॅडम.'

उत्तमरावांनी तो दोनदा वाचला आणि एक अक्षरही न बदलता खाली सही केली.